उरेल ती बोली

मी, मनकर्णाबाई, बेवा रामाजी कासार, वय पन्नाशीच्या पुढे, धंदा बांगड्या विकणे, राहणार सिंदेवाही, तहसील ब्रह्मपुरी, जिल्हा चांदा, आज स्वखुशीने हे मृत्युपत्र करून देते. माझ्या डोक्यात डाव्या बाजूला गाठ आहे. अक्कल मात्र जागेवर आहे.

ही शेवटची दोन वाक्ये घालावीत की नाहीत यावर अर्जनवीस यादवराव डोंगरवार यांचा नि माझा सकाळी वाद झाला. ते म्हणाले, "बाई, डोक्यात गाठ लिवली तं उद्या कोनी म्हनल, हिचं डोकंच ठिकानावर नोयतं." मी म्हणाले, "लपवली तं दोनदा म्हनतीन." शेवटी मुंबईच्या डॉक्टर केणींनी माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला आहे तो कागदाला टाचला. तसा दाखला माझा दीर मुखरू याच्याकडे नाही, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

माझे बोलणे यादवराव शुद्ध करून लिहीत आहेत. जिथे मी हटून बसले तिथे जसेच्या तसे उतरले आहे.

कागद करण्याचे कारण असे. गेल्या साली पोंभुर्ण्याच्या बाजारात एका बाईला चुडा भरताना माझा उजवा हात आपोआप झटके देऊ लागला. बांगड्या फुटल्या, तिच्या मनगटाला काच लागली, आणि मी तिथेच आडवी झाले. मुखरूने अंगात आले असे ठरवून कडुलिंबाचा धूर दिला. धुराने खोकला आला, झटके गेले नाहीत. माझा मुलगा वारलू मला नागपूरला घेऊन गेला, तिथून मुंबईला पाठवले, आणि तिथे फोटोत गाठ दिसली. आता तिचे ऑपरेशन ठरले आहे. परवा छोट्या गाडीने नागभीड, तिथून नागपूर, पुढे मुंबई.

भीती आहे, ती मी नाकारत नाही. पण खरे सांगते, जत्रेला निघालेल्या पोरीसारखे झाले आहे. डॉक्टर केणी म्हणाले, "बाई, कवटी उघडू तेव्हा तुम्ही जाग्या असाल. वरची कातडी बधिर करू, मेंदूला स्वतःला दुखत नाही. तुम्ही एकच करायचं, सतत बोलत राहायचं. विजेचा अगदी हलका स्पर्श करत आम्ही जागा तपासू. जिथं तुमचं बोलणं अडेल तिथं सुरी लावणार नाही."

सासऱ्यापासून वारलूपर्यंत जो तो मला गप्प बस म्हणत आला. बोलत राहा म्हणणारा माणूस या जन्मी भेटला, तोही एवढा शिकलेला. मी म्हणाले, "डाक्टरसाहेब, तुमीच थकान."

मग त्यांनी विचारले, भाषा कोणत्या येतात. मी म्हणाले, तीन. ते खुर्ची पुढे ओढून बसले.

तेलुगू माझ्या माहेरची, सिरोंच्याची. तिच्यात मी रडायला शिकले. मराठी सासरची, तिच्यात संसार केला नि भांडले. गोंडी विधवापणाची. रामाजी गेले तेव्हा याच मुखरूने गावभर सांगितले की विधवेच्या उघड्या हातून सौभाग्याचा चुडा भरू नये. सिंदेवाहीच्या बाया येईनाशा झाल्या. मी तट्टावर पेटारा लादून एटापल्लीच्या बाजाराची वाट धरली. तिथल्या बायांनी माझ्या हाताकडे पाहिलेच नाही, बांगड्यांकडे पाहिले. त्यांच्याशी भाव करता करता गोंडी आली. वारलू तेव्हा लहान होता, माझ्या तेलुगूला नि गोंडीला तो कावळ्याची काव काव म्हणायचा. अजूनही म्हणतो.

मी डॉक्टरांना विचारले, तिन्ही भाषा डोक्यात एकाच जागी असतात की वेगवेगळ्या. ते म्हणाले, "मला ठाऊक नाही. जगात फार थोड्या डॉक्टरांनी हे उघड्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यांचंही एकमत नाही." वारलू इथल्या सरकारी धानाच्या फार्मावर कामाला आहे. त्याला मी डॉक्टरांसमोरच समजावले, "तुमच्याकडं कसं, या बांधीत हे धान, त्या बांधीत ते, तसं का सारं मिसळून पेरलं, हे पाहून राह्यले ते." त्याला नीट समजले आणि त्याचा चेहरा उतरला. मला मात्र त्या दिवसापासून झोपेतही हसू येते. मोठमोठ्या डॉक्टरांना जे ठाऊक नाही ते माझ्या वेणीखाली आहे.

आता व्यवस्था.

कलम एक. गाठ काढल्यावर ती इस्पितळाची. डॉक्टर म्हणाले की बरणीत ठेवून विद्यार्थ्यांना दाखवता येईल. जरूर दाखवावी. बरणीवर माझे नाव आणि चांदा जिल्हा असे लिहावे. ऑपरेशनच्या वेळी शिकणारी मुले-मुली उभी राहून पाहतील त्यालाही माझी हरकत नाही, फक्त कोणी मागे कुजबुजू नये. प्रश्न असेल तर मोठ्याने विचारावा, मी जागीच असेन.

कलम दोन. मी तिथे मेले किंवा पुढे कधीही मेले, तर डॉक्टरांनी डोके उघडून जे पाहायचे ते पाहून घ्यावे, मग पांढऱ्या कापडात नीट बांधून मला वारलूच्या हवाली करावे. हे ऐकून मुखरू ओट्यावरून ओरडला, "अर्धं डोकं घेऊन वर कशी जाशीन?" त्याला माझे उत्तर असे की तो पुरे डोके घेऊन जाईल, पण त्याचा उपयोग काय.

कलम तीन. मुखरूला माझ्या मिळकतीतले काही नाही. मी आजारी असताना पोंभुर्ण्याच्या बाजारातली चिंचेखालची माझी जागा त्याने परस्पर दुसऱ्याला दिली. ती त्याने मोकळी करून द्यावी. आजारपणात त्याने मला खांद्यावर घेऊन स्टेशनापर्यंत नेले होते, तेही इथे लिहून ठेवते, नाहीतर कागद एकतर्फी होईल.

कलम चार. बुधरी आत्राम हिच्याविषयी. ही एटापल्लीकडची, माझ्या जुन्या गिऱ्हाइकाची लेक, नागपूरला नर्सचे शिक्षण घेत आहे, शेवटचे वर्ष. ऑपरेशनच्या टेबलाशी माझे बोलणे बरोबर चालले आहे की बिघडले हे ओळखणारे माणूस लागते. मराठी जाणणाऱ्या नर्सा तिथे पुष्कळ, तेलुगू जाणणारी एक सापडली, गोंडीला कोणी नाही. म्हणून डॉक्टरांनी बुधरीच्या मॅट्रनला पत्र लिहून तिला मागून घेतले. ती चित्रांचे पत्ते घेऊन इथे माझ्या घरी आली नि दोन दिवस माझ्याकडून सराव करून घेतला. गाय, घागर, कुऱ्हाड, मोर, प्रत्येकाचे नाव तिन्ही भाषांत. गोंडी शब्द चुकला की ती "थांबा" म्हणेल आणि सगळे थांबतील. शिकाऊ पोरीच्या एका शब्दावर, याचा विचार केला की मला उठून नाचावेसे वाटते.

पण तिचा बाप जंगू तिला धाडायला तयार नव्हता. ऑपरेशनच्या खोलीत बांगड्या उतरवाव्या लागतात, दवाखान्यात रोजच उघडे हात. तो मला गोंडीत म्हणाला, त्याचा अर्थ असा, "तू बांगड्या विकणारी, तूच सांग, लग्नाच्या वयाच्या पोरीचा हात मोकळा बरा दिसतो का?" मी माझे दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. म्हणाले, "याच हातांनी तुझ्या बायकोला लग्नाचा चुडा भरला. तेव्हा हे मोकळेच होते. काही वाईट झालं का?" त्याने बिडी विझवली. मग म्हणाला, "गाडीत तिला खिडकीजवळ बसव."

तरी बुधरीला पेटाऱ्यातला सगळ्यात चांगला हिरवा चुडा द्यावा. ड्युटी सुटल्यावर तिने तो खुशाल घालावा. घराची पुढची खोली, वारलू हयात असेतो आणि नंतरही, जंगलातल्या गावांमधून नर्सच्या शिक्षणाला जाणाऱ्या मुलींना गाडीची वाट पाहायला मोकळी ठेवावी. चूल तिथेच आहे. त्यांना कोणी जात विचारू नये, आणि मुखरूने ओट्यावर बसून शहाणपणा शिकवू नये.

कलम पाच. राहिलेले घर, तट्टू, पेटारा आणि बाजाराच्या जागा वारलूच्या. मात्र याला अट आहे, आणि ती समजावी म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले पुढचे लिहिते. गाठ जर बोलण्याच्या जागेला चिकटलेली असली तर सुरी कितीही जपून चालवली तरी सूज येते, रक्त उतरते. एखादी भाषा जाईल, एखादी राहील. कदाचित तिन्ही राहतील. कदाचित तिन्ही जातील, मग लहान मुलासारखी एकेका शब्दापासून सुरुवात. बुधरी म्हणते, तेही नर्सचेच काम आहे, ती शिकवील.

हे ऐकून वारलू तिथेच डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, एकच वाचत असन तं मराठी वाचवा." डॉक्टर म्हणाले, "निवडून वाचवता येत असती तर तुमच्या आईलाच विचारलं असतं." वारलू घरी आल्यावर म्हणाला, "माय, नोको जाऊ. तू जिती आली नि मायं तुले समजलं नाई, तुयं मले समजलं नाई, तं मी काय करू?"

त्याच्या या बोलण्याने माझे काळीज हलले. ऑपरेशनची, मरणाची वाटली नाही एवढी भीती इथे वाटली. पोराला हाक मारावी आणि त्याने परक्या बाईकडे पाहावे तसे पाहावे, याहून वाईट ते काय. रात्रभर जाऊ की नको झाले. मग सुचले ते यादवरावांना सांगितले. ते म्हणाले, "बाई, मृत्युपत्र मेल्यावर चालते. तुमी जित्या आल्या तं हे कलम कुठी चालन?" मी म्हणाले, "जितं मानूस बोलू शकत नसन तं त्याच्यासाठी कोनता कागद असते? नाई ना? मंग याच्यातच लिवा."

तर अट अशी. मी परत आले आणि माझ्या तोंडी एकच बोली उरली असेल, तर वारलूने ती बोली शिकावी. तेलुगू उरली तर तेलुगू, गोंडी उरली तर गोंडी. मराठी उरली तर सुटला. शिकला की नाही हे कोणी मास्तराने ठरवू नये. त्या बोलीत त्याला माझ्याशी पोटभर भांडता आले म्हणजे आली. तेव्हा घर त्याचे. तोवर घर बुधरीच्या देखरेखीखाली राहील. काहीच उरले नाही, तर जे शब्द बुधरी मला शिकवील तेच त्यानेही माझ्याशेजारी बसून शिकावेत. मी मेले तर अट संपली, सगळे त्याचे. मी धडधाकट, तिन्ही भाषा बडबडत परत आले, तर हा कागद चुलीत घालीन आणि त्याच आगीवर चहा ठेवीन.

हे कलम वाचून दाखवले तेव्हा वारलू खाली मान घालून ऐकत होता. म्हणाला, "घर नाई देल्लं तरी चालते." आणि उठून बाहेर गेला. मी मुंबईला जाणार हे नक्की आहे. माझ्या वेणीखाली काय आहे ते मला बघायचे आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे, यादवरावांनी तीन ठिकाणी सौम्य केला तेवढा सोडून. डाव्या हाताचा अंगठा देते, कारण उजवा अजून थरथरतो.

मनकर्णाबाई, बेवा रामाजी कासार (निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार:
१. इतवारी नान्हे, धंदा शेती, राहणार सिंदेवाही (सही)
२. धुरपता, जौजे बिरजू मेश्राम, शेजारीण (निशाणी अंगठा)

मुक्काम सिंदेवाही, माघ महिना, सन १९५८.

लेखनिकाची नोंद: वारलू रामाजी कासार हे मिळकतीचे हक्कदार असल्याने त्यांची साक्ष घेतली नाही. अंगठा उमटवून झाल्यावर ते आत आले आणि बाईंसमोर उभे राहून अडखळत म्हणाले, "अम्मा, इंटिकि रा." बाई पहिल्यांदाच गप्प बसल्या. मला ती भाषा येत नाही, म्हणून अर्थ विचारला. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि सांगितले, "आई, घरी ये."

यादवराव डोंगरवार, अर्जनवीस