माझ्या जागेसाठी मुलाखती

डोंबिवली, रविवार दुपार

प्रिय अद्वय,

पत्र बघून घाबरू नकोस. आई ठणठणीत आहेत, पाणी वेळेवर येतंय, आणि तू जाताना बजावून गेलेलं गॅलरीतल्या नळाचं काम त्या प्लंबरने अखेर एकदाचं करून दिलं. आई आत जरा आडव्या झाल्यात आणि मी जेवणाच्या टेबलावर बसून, कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदाच, एवढं लांबलचक काहीतरी हाताने लिहिते आहे. रोज रात्री तू बडोद्याहून फोन करतोस, जेवलीस का विचारतोस आणि मग तुझा ठरलेला प्रश्न येतो, 'सापडलं का कोणी?' मी म्हणते, अजून नाही रे. त्या 'अजून नाही'मध्ये काय काय कोंबलेलं असतं ते आज सगळं सांगणार आहे, कारण माझं डोकं आता पार उठलंय.

तुमची फॅक्टरी तिकडे हलली तेव्हा ठरलं होतं, माझ्या जागी माणूस मिळालं की मी राजीनामा द्यायचा, हा फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि आईंना घेऊन बडोद्याला यायचं. ऑफिसनेही एवढंच मागितलं होतं, की तुझ्या जागी कोण ते तूच निवड, तूच शिकव, मग खुशाल जा. मला वाटलं, त्यात काय, महिन्याभराचं काम. हे आपण दिवाळीत बोललो होतो. आता बाजारात आंबे आले.

मी करते काय हे लोकांना सांगताना आधीच पंचाईत. तुझ्या मामांना अजून वाटतं मी जाहिराती लिहिते. घरी रक्त तपासायला माणूस बोलवायचं आमचं ॲप. त्यातल्या बटणांवरचे, सूचनांचे, काही बिघडलं तर दिसणारे शब्द मी लिहिते. वाचणारा बहुतेक वेळा उपाशी असतो, काळजीत असतो आणि चष्मा कुठे ठेवला ते शोधत असतो. म्हणून मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रसंग देते. सकाळची वेळ दिलेली आहे, माणूस रात्रीपासून उपाशी आहे, आणि रक्त घ्यायला येणारा आमचा मुलगा आज येऊ शकत नाही. तर फोनवर काय दाखवाल? दोन-तीन ओळींत लिहा.

अरे, काय काय लिहितात लोक! एकाने लिहिलं, 'अरेरे! काहीतरी गडबड झाली बरं का!' आणि पुढे रडका चेहरा काढला. दुसऱ्या गृहस्थांनी लिहिलं, 'अपरिहार्य कारणास्तव सदर सेवा तूर्त अनुपलब्ध असून होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.' वाचून मला तलाठी कार्यालयाच्या खिडकीशी उभं असल्यासारखं वाटलं. एक बाई कविता करतात म्हणे. त्यांनी लिहिलं, 'आपल्या आरोग्यप्रवासातला हा एक छोटासा विराम.' विराम कसला डोंबल! वाचणाऱ्या म्हातारीला साखर असेल, ती चक्कर येऊन पडेल, आणि या बाई तिला विराम देतायत. एक मुलगी ऑनलाइन होती. मी काहीही विचारलं की तिचे डोळे स्क्रीनच्या कडेला जायचे आणि तिथून गुळगुळीत उत्तर वाचून यायचे. शेवटी मी वैतागून म्हटलं, हेच तुमच्या आईला सांगायचं असेल तर कसं सांगाल? तर ती पुन्हा कडेला बघत बसली, आईला काय सांगायचं तेही तिथे उमटेपर्यंत! आणि एक जण तर मुलाखत अर्धी झाल्यावर दचकून म्हणाला, 'मराठीत पण लिहायचंय का? बोलतो मी चांगलं, लिहायचं म्हटलं की लोचा होतो.'

हे सगळे उमेदवार गोळा करून आणतो तो आमचा एचआरचा साईनाथ. पोरगा गुणी आहे, पण आता तोही कातावलाय. मी कुणाला नाही म्हटलं की तो माजिवड्याच्या उड्डाणपुलाकडे तोंड करून आमच्या ठाण्याच्या ऑफिसच्या खिडकीत उभा राहतो आणि पाणी पितो. बरं, सगळेच काही वाईट नव्हते हं. मधे एक शांत, नीटनेटका मुलगा आला होता, त्याने बरं लिहिलं होतं. मी म्हटलं, जरा थंड वाटतो. एक अनुभवी बाई आल्या होत्या, मी म्हटलं, त्यांना इथे कंटाळा येईल. रोज संध्याकाळी घरी येऊन मी हे सगळं आईंना नकला करून दाखवते. त्या कढी ढवळता ढवळता हसतात, पण आताशा हसणं संपलं की माझ्याकडे जरा जास्त वेळ बघतात.

मग गेल्या आठवड्यात अक्षदा आली. टिटवाळ्याची, एका बँकेच्या ॲपसाठी दोन वर्षं हेच काम केलेली, तोंडाने तिखट. एवढ्या लांबून रोज जमेल का विचारलं तर म्हणाली, 'येईन की. टिटवाळ्याहून लोक चर्चगेटला जातात, मॅडम, हे तर ठाणं आहे.' आपला तोच प्रसंग मी तिच्यापुढे ठेवला. तिने लिहिलं, 'आज आमचा माणूस येऊ शकत नाही. चूक आमची आहे. तुम्ही आता खाऊन घ्या. उद्या सकाळी पाठवू का?' अद्वय, 'खाऊन घ्या' वाचलं आणि मला काय वाटलं सांगू? एवढ्या सगळ्या लोकांत पहिल्यांदा कुणालातरी त्या उपाशी माणसाची आठवण झाली होती. वर तिने आमचं ॲप उघडून मलाच एक सूचना दाखवली आणि म्हणाली, 'ही कोणी लिहिलीये? काय लांबड लावलीय!' ती मी लिहिलेली होती. आणि लांबड होतीच.

तिलाही मी नाही म्हटलं. साईनाथ आधी हसला, त्याला वाटलं मी गंमत करते आहे. मग म्हणाला, 'मॅडम, ही पण नको? मग आता काय ऑर्डर देऊन बनवून घ्यायची?' मी त्याच्यावर ओरडले, तेही सगळ्यांसमोर. घरी येऊन आईंसमोर पुन्हा तोच तावातावाचा पाढा वाचला, की फटकळ आहे, लहान आहे, कुणाचं ऐकून घेणार नाही. आई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'आमच्या धाकट्या दिरांच्या वेळी एकही पत्रिका जुळेना. मुली चांगल्या, घरं चांगली, पण दर वेळी पत्रिकेवर ढकलायचं. शेवटी मामंजींनीच त्यांना समोर बसवून विचारलं, बाबा रे, तुला लग्न करायचंय का? मैथिली, तू इतक्या जणांना नाही म्हणालीस. तुला जायचंय का, हे तुला कुणी विचारलं का गं?' एवढं बोलून त्या मेथी घेऊन आत गेल्या.

खरंच कुणी विचारलं नव्हतं, अद्वय. तूही नाहीस. तू तिकडे क्वार्टर झाडून-पुसून ठेवलंस, माझ्या आवडीच्या रंगाचे पडदे लावलेस, शेजारी मराठी कुटुंब आहे म्हणून खुशीत मला त्यांचे फोटो पाठवलेस. तुझ्या मायेबद्दल मला काडीचीही शंका नाही. पण माझ्या कामाचं काय, असं मी मामांसमोर म्हटलं तेव्हा तू म्हणालास, 'बटणांवर तर लिहायचं, बडोद्यात काय बटणं नाहीत?' सगळे हसले. मीही हसले. तुला ते आठवतही नसेल, आणि मला राग त्याचाच येतो. हे काम शून्यातून मी उभं केलं आहे, रे. परवा साठीच्या एका काकांनी ॲपवर लिहिलं, की पहिल्यांदाच पोराला फोन न करता सगळं स्वतः केलं. ते वाचून मी दिवसभर तरंगत होते, आणि रात्री तुझा फोन आला तेव्हा तुला सांगितलंसुद्धा नाही.

शुक्रवारी मी अक्षदाला फोन केला. ती म्हणाली, 'तुम्ही तर रिजेक्ट केलेलं ना मला?' मी म्हटलं, केलेलं, आता घेते आहे. उद्यापासून ती येते आहे, पण माझ्या जागी नाही, माझ्या शेजारी. मी राजीनामा देत नाही. मी बडोद्याला राहायला येत नाही. आपण दर शनिवार-रविवार एकमेकांकडे धावायचं, की तू इकडे काही बघायचंस, की आणखी काही, ते मला खरोखर माहीत नाही. ते तू येशील तेव्हा समोरासमोर भांडून ठरवू. मला तू हवा आहेस आणि हे कामही हवं आहे. हे फोनवर सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला. पण तू गप्प होतोस, आणि तू गप्प झालास की माझा धीर सुटतो आणि मी घाईघाईने म्हणून टाकते, 'बघते रे, मिळेल कोणीतरी.' कागदावर तुझं गप्प होणं मला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

रागावलेली, तरीही तुझीच,
मैथिली