तुमचा भाऊ अखेर ऑस्ट्रेलियन झाला

केटल क्रीक,
फेब्रुवारी, मंगळवार

ती. ग्लेनिसवन्सं यांना सलवाचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? होबार्टला उन्हाळ्यातही स्वेटर लागतो असं तुम्ही लिहिलं होतं. इथं परसातल्या कोंबड्या उन्हानं चोच उघडी टाकून बसल्यात, तेव्हा थोडी थंडी पाठवता आली तर पाहा. नाताळला पाठवलेला भांडी पुसायचा टॉवेल मिळाला. त्यावर यंदाही ऑस्ट्रेलियाचा नकाशा आहे. लग्नाच्या वर्षापासून तुम्ही दर नाताळला मला हाच नकाशा पाठवता (आपण कुठे राहतो ते मी विसरू नये म्हणून असेल), आणि आता कपाटात इतके ऑस्ट्रेलिया झालेत की एखादा वर्षभर नाही धुतला तरी चालतं. मनापासून आभार.

तर वन्सं, डेरेक आमच्या गावाचा ‘वर्षाचा सर्वोत्तम नागरिक’ झाला ही बातमी तुम्हाला पेपरातून कळली आणि तुम्ही ती गल्लीभर सांगितली, हे आमची नादीन म्हणाली. तुम्ही तिला असंही विचारलंत म्हणे, की फोटोत तुमच्या भावाच्या एका हातात पदकाची पेटी आहे ते ठीक, पण दुसऱ्या हातात झाडाची कुंडी का आहे, आणि तो कत्तलखान्यातल्या कामगारांच्या रांगेत का उभा आहे? पोरगी बिचारी काहीतरी गुळमुळीत बोलली. मी गुळमुळीत बोलणाऱ्यांतली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ती कुंडी नव्यानं नागरिक झालेल्या प्रत्येकाला मिळते. डेरेकलाही तशीच मिळाली. त्या दिवशी सकाळी दहापर्यंत तुमचा भाऊ या देशाचा नागरिक नव्हता.

पाणी प्या आणि पुढे वाचा.

तुमच्या भावाचं देशप्रेम मी तुम्हाला काय सांगणार. अंगणात झेंडा आहे, गाडीवर झेंडा आहे, जानेवारीत तर चड्डीवरही असतो. गावात कोणी नवीन आलं की डेरेक पहिल्या आठवड्यात त्याच्या दारात हजर. कचऱ्याचा कुठला डबा कधी बाहेर ठेवायचा इथपासून सुरुवात होते आणि इथली मूल्यं काय आहेत इथं शेवट होतो: सगळ्यांना सारखी संधी, अडल्यानडल्याला हात, आणि रांग मोडायची नाही. माझी ओळख करून देताना तो सगळ्यांना सांगतो, “बायको लेबनॉनची आहे, पण एकदम आपल्यातली.” या ‘पण’मध्ये मी बत्तीस वर्षं संसार केला. मी दहा वर्षांची असताना इथं आले, तेराव्या वर्षी वडिलांचा हात धरून शपथ घेतली, शाळा इथं, नोकरी इथं, बाळंतपण इथं. तरी क्रिकेट सुरू झालं की हा माणूस मला विचारणार, तू कोणाकडून? (लेबनॉनला क्रिकेटचा संघ आहे की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही.)

आणि तो बार्बेक्यूचा चिमटा. गावात काहीही असो, जत्रा, मतदान, आग विझवणाऱ्यांची वर्गणी, सॉसेज भाजणार डेरेक. तो चिमटा दुसऱ्या कोणाच्या हातात गेलेला मी पाहिलेला नाही. त्याला मागच्या वर्षी ताप होता तेव्हाही क्लबातले बाप्ये नुसते भोवती उभे राहून सॉसेज करपताना बघत होते, कारण जित्या माणसाचा चिमटा उचलायचा नसतो. त्यालाच आम्ही इथं शिस्त म्हणतो.

झालं असं, की नादीननं आम्हा दोघांची बालीची तिकिटं काढली. डेरेक कधी देशाबाहेर गेलेला नाही, तेव्हा पासपोर्ट काढणं आलं. पोस्टातल्या मुलीनं नागरिक असल्याचा पुरावा मागितला. डेरेक म्हणाला, “माझ्याकडे बघ ना.” मुलीनं बघितलं. चड्डी होती, उन्हानं भाजलेली मान होती, टोपीवर बिअरचं नाव होतं. ती म्हणाली, “काका, जन्म कुठला?” जन्म लेस्टरचा. तीन वर्षांचा असताना तो जहाजातून तुमच्या मांडीवर बसून आला, आणि ब्रिटिश माणूस ब्रिटिशांच्याच मुलखात आला तर अर्ज कसला करायचा, असं मामंजींना वाटलं. त्यानंतर पंचावन्न वर्षं कोणीही विचारलं नाही. माझं नाव ऐकून मला आजही बँकेत दोन ओळखपत्रं मागतात, डेरेकला एकसुद्धा मागत नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग तो मत कसा देत होता? वन्सं, इथंच खरी गंमत आहे. ब्रिटिशांनाही मत असायचं त्या जुन्या नियमात तुमचं नाव यादीत लागलं, म्हणून तुमचं चालून गेलं. डेरेक अठरा वर्षांचा व्हायच्या काही आठवडे आधी नियम बदलला आणि त्याचं नाव कधी लागलंच नाही. मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी तो पहाटेपासून सॉसेज भाजायचा, येणाऱ्या प्रत्येकाला ‘सगळ्या चौकटींत पसंतीचे आकडे भरा बरं का’ म्हणून बजावायचा, आणि मी समजत होते की हा सकाळीच आत जाऊन उरकून येतो. तो कधी आत गेलाच नव्हता. मत न देणाऱ्याला इथं दंड होतो, मला एकदा झाला होता (नादीनच्या वेळी मी दवाखान्यात होते). मी त्याला विचारलं, तुला दंडाचं पत्र आलं नाही याचं कधी नवल नाही वाटलं? तो अगदी शांतपणे म्हणाला, “मला वाटलं, सॉसेज भाजणाऱ्यांना माफ असतं.” इतकी वर्षं हा गृहस्थ समजून होता की सरकार लांबून त्याच्याकडे बघतंय आणि कौतुकानं मान हलवतंय.

हे सगळं त्यानं गावापासून लपवलं. गुपचूप अर्ज केला. आणि आमचं नशीब असं, की निकालाची वाट बघत असतानाच नगरपालिकेनं त्याला सर्वोत्तम नागरिक ठरवलं. सन्मान सव्वीस जानेवारीला, म्हणजे ऑस्ट्रेलिया दिनाला, आणि अट एकच: माणूस नागरिक हवा. डेरेकची पाचावर धारण बसली. आमच्या नगराध्यक्षा पामबाईंच्या कानावर घालणं भाग होतं. त्या आधी पोट धरून हसल्या आणि मग म्हणाल्या की त्याच दिवशी सकाळी शपथविधी आहे, शपथ आधी आणि पदक नंतर एवढं मी जुळवते, पण परीक्षा त्यालाच द्यावी लागेल. आता ही परीक्षा साठीच्या पुढच्यांना माफ आहे. डेरेक साठ वर्षांचा होणार मार्चमध्ये. म्हणजे दोन महिने थांबला असता तर मूल्यांबद्दल कोणी चकार शब्द विचारला नसता (साठीनंतर माणसाची मूल्यं दुरुस्त होत नाहीत, असा सरकारचा अनुभव असावा). पण मग पदक दुसऱ्याला गेलं असतं आणि का गेलं ते साऱ्या गावाला कळलं असतं. गावाला मूल्यं शिकवणारा माणूस परदेशी निघाला, हे डेरेकला मरणाहून वाईट वाटत होतं. रात्री तो छताकडे बघत पडून राही. मला हसू येई आणि कणवही येई, खरं सांगते.

अभ्यास करायला तो तयार नव्हता. म्हणाला, मासळीला पोहायला शिकवतेस? शहरात जाऊन बसला परीक्षेला. झेंडा, संसद, राज्यं, सैनिकांचा स्मृतिदिन, सगळं अचूक. मूल्यांचे पाच प्रश्न असतात आणि पाचही बरोबर यावे लागतात. तुमचा भाऊ मूल्यांत नापास झाला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मग मी शिकवायला बसले. चुकलेला प्रश्न साधा होता: ज्याचं मत आपल्याला पटत नाही, त्याच्याशी सभ्यपणे वागावं का?

“कोण माणूस आहे त्यावर आहे,” डेरेक म्हणाला.

“कोणीही असो.”

“इंग्लंडच्या संघाकडून ओरडणारा असला तरी?”

“डेरेक, तूच इंग्लंडचा आहेस.”

त्या दिवशी तो ताट घेऊन अंगणातल्या झेंड्याखाली जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी स्त्री-पुरुष समानता घेतली. नवरा-बायकोचे हक्क सारखे असतात का, यावर त्यानं ‘हो’ इतक्या पटकन सांगितलं की मला संशय आला. मी विचारलं, मग बाईनं बार्बेक्यूचा चिमटा धरला तर चालेल? तो म्हणाला, ते वेगळं, तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. अशा माणसाला मी पंधरा दिवसांत पास केलं, वन्सं. मला खरं तर त्याहून मोठं पदक मिळायला हवं होतं.

सव्वीस जानेवारीला तो पहाटे उठून नगरपालिकेच्या हिरवळीवर सॉसेज भाजून झाकून ठेवून आला. आत जायची वेळ झाली तेव्हा त्यानं चिमट्याकडे बघितलं, क्लबातल्या एकेकाकडे बघितलं, आणि शेवटी तो माझ्या हातात दिला. मी तो मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले. नव्या नागरिकांच्या रांगेत डेरेक, शेजारी कुर्बान अली. हा कुर्बान कत्तलखान्यात कामाला आहे, अफगाणिस्तानातून जीव वाचवून आलेला, आणि चार वर्षांपूर्वी डेरेकनं त्याला कचऱ्याच्या डब्यांवर तासभर व्याख्यान दिलं होतं. कुर्बानला वाटलं, डेरेकसाहेब आपल्याला सोबत म्हणून बसलेत. खरं कळल्यावर तो बिचारा डेरेकच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “काळजी करू नका साहेब, पहिलं वर्ष जड जातं.”

स्वागताला नोएलीनमावशी उठल्या. त्यांच्या माणसांचीच ही जमीन, त्यामुळे पहिला शब्द त्यांचा (आणि गोऱ्यांची पहिली जहाजं इथं लागली त्या सव्वीस तारखेला त्या तो का आणि कशा मनानं देतात, हे विचारायची आमच्यात कोणाची छाती नाही). डेरेकला त्या शाळेपासून ओळखतात. रांगेपाशी आल्या, थबकल्या.

“तू? अजून राहिलाच होतास?”

“हो मावशी.”

“असू दे. आम्ही काय, इथंच आहोत.”

मग शपथ झाली. वन्सं, मी टिंगल करायच्या तयारीनंच बसले होते, पण तुमच्या भावाचा आवाज मध्येच चिरकला. हात मांडीशी घट्ट धरलेले, मान खाली. माझे वडील शपथ घेताना असेच उभे होते, कोणीतरी आता हाकलून देईल अशा भीतीनं. मला रडू आलं. डेरेकला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपण इथले आहोत हे दुसऱ्यानं ठरवताना कसं वाटतं. नंतर पामबाई म्हणाल्या, आधीपासून नागरिक असलेल्यांनीही उभं राहून निष्ठा सांगावी. मी उभी राहिले, हातात चिमटा. डेरेक खाली बसून माझ्याकडे बघत होता.

पदक मिळालं. भाषण त्यानं महिनाभर घोकलं होतं, सुरुवात होती, ‘या देशात नव्यानं येणाऱ्यांनो’. तो माइकपाशी गेला, ‘या देशात’ म्हणाला, आणि त्याची नजर नव्या नागरिकांच्या रांगेतल्या आपल्याच रिकाम्या खुर्चीवर गेली. मग म्हणाला, “सॉसेज गार होताहेत.” एवढंच. टाळ्या थांबेनात. गावात इतकं चांगलं भाषण कोणी केलेलं नाही.

बाहेर येऊन त्यानं माझ्यापुढे हात केला. “चिमटा दे.”

मी म्हटलं, “रांगेत ये.”

आणि वन्सं, तो गेला. कुर्बानच्या मागे, कुंडी बगलेत धरून, पाव हातात घेऊन. मी सॉसेजबरोबर आमच्याकडची लसणाची चटणी वाढली. कुर्बानसाठी हलाल सॉसेज वेगळ्या बाजूला होते, ते सगळ्यांत आधी संपले. डेरेकनं चटणी खाल्ली, पुन्हा रांगेत लागला, आणि मग क्लबातल्या एकाला सांगताना मी ऐकलं की बाहेरून आलेल्या लोकांनी सगळंच हातात घ्यायला सुरुवात केली आहे.

वेळ मिळेल तसं पत्र लिहा. गुडघ्याला लसूण घालून गरम केलेलं तेल चोळा. तुमच्या शेजारणींना नमस्कार सांगा आणि हे पत्र दाखवायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

तुमची भावजय,
सलवा

ता. क. डेरेक विचारतोय, तुम्ही त्याच जहाजातून आला होतात, तर तुमचं नागरिकत्वाचं काय? होबार्टच्या शाळांत तुम्ही ‘खरा ऑस्ट्रेलियन कोण’ यावर बोलायला जाता म्हणून त्याला काळजी वाटते. मी म्हटलं, वन्सं सहासष्ट वर्षांच्या आहेत, त्यांना मूल्यं माफ आहेत.

ता. क. २. आता पत्राचं खरं कारण. पुढच्या महिन्यात निवडणूक आहे. दर निवडणुकीच्या आदल्या रात्री तुम्ही डेरेकला फोन करून कोणाला मत द्यायचं ते सांगता, आणि तो ‘हो ताई, हो ताई’ म्हणतो. ती सगळी मतं कुठे गेली ते आता तुम्हाला कळलंच. या खेपेला कृपा करून फोन करू नका. तो आयुष्यात पहिल्यांदा आत जाणार आहे. मत कोणाच्या दडपणाशिवाय आणि गुप्तपणे द्यायचं असतं, हे मी त्याच्याकडून पाठ करून घेतलंय.

ता. क. ३. आणि फोन केलात तरी उपयोग नाही. कोणाला द्यायचं ते मी त्याला सांगून ठेवलंय.