वस्तीतला निळा गोल

सावरखेडा, कळंबजवळ
११ जानेवारी १९६०

चि. भीमराज यास,

अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि. इकडे सर्व खुशाल आहे. तुझी खुशाली तू होऊन कळवशील तर सूर्य पश्चिमेला उगवायचा. यवतमाळच्या नकाशा कचेरीत लागलास आणि बहिणीला दोन ओळी खरडायलाही महाग झालास.

वस्तीसाठी विहीर मागायचा अर्ज आपण केला होता ना, त्याचं उत्तर आलं. म्हणे नकाशाप्रमाणे वस्तीत पिण्याच्या पाण्याची विहीर आहे, सबब नवी मंजूर करता येत नाही. वाचून माझं डोकंच फिरलं. कुठं आहे विहीर? पाटलाच्या विहिरीवर आजही आम्ही खाली उभं राहायचं आणि वरून कोणाला दया आली तर त्यानं घागरीत ओतायचं. धम्म घेतला, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, पण हे लाजिरवाणं उभं राहणं काही सुटत नाही. परवा तुळसाबाईच्या सुनेच्या अंगावर मुद्दाम पाणी सांडलं आणि वर दात काढले. या थंडीत!

तू ते नकाशे गिरवतोस. आपल्या गावाचा काढून बघ बरं, आमची विहीर कुठं लपून बसली आहे ती.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी बहीण,
इंदू

यवतमाळ
१९ जानेवारी १९६०

ती. बाईस,

स. जयभीम वि. वि. तुझी बोलणी पोटभर खाल्ली. विहीर सापडली, पण सांगायचीही किळस येते.

नकाशात सगळं खुणांनी दाखवतात. कोपऱ्यात त्या खुणांची सूची असते. दुहेरी रेघ म्हणजे सडक, तुटक रेघ म्हणजे पाऊलवाट, निळा गोल म्हणजे विहीर. आपल्या वस्तीत चिंचेच्या अंगाला असा एक निळा गोल आहे. तिथं काय आहे, आठव. बाबा ज्यात कातडी भिजवायचे तो खड्डा! ते काम सोडल्यापासून त्यात डुकरं लोळतात. सरकारच्या लेखी आपण ते पाणी पितो.

आमचे मुख्य आरेखक नीळकंठराव यांना विचारलं, तर ते पान चघळत हसले. म्हणाले, त्या काळी मोजणीदार तुमच्या वस्तीत पाऊल कशाला टाकेल? शिवेवर उभा राहून दुरूनच बघायचा, पाणी चमकलं की गोल काढायचा. विटाळाच्या भीतीनं नकाशा चुकला आणि हा गृहस्थ ते गंमत म्हणून सांगत होता.

दुरुस्ती होते, पण त्यासाठी मोजणीदारानं जागेवर येऊन पाहायला हवं. तसा अर्ज पुढे सरकवला आहे. तो आला की सोडू नकोस.

घरच्या सर्वांना जयभीम. धाकट्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझा,
भीमराज

सावरखेडा
२१ फेब्रुवारी १९६०

चि. भीमराज यास,

अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि. तुझा मोजणीदार येऊन गेला. पाटलाच्या ओसरीवर बसून त्यानं पोहे खाल्ले, चहा घेतला, पण वस्तीकडे यायचं नाव काढेना. म्हणे इथूनच दिसतं की सगळं.

मग तुळसाबाईनं खड्ड्यातलं ते हिरवं पाणी घागरीत भरून त्याच्यापुढं आणून ठेवलं. हात जोडून म्हणाली, सायेब, तुमच्या नकाशातल्या विहिरीचं पाणी हाये, दुरून आले तं घोटभर प्या. वासानं पाटलीण पदर नाकाला लावून आत पळाली. साहेब गोठ्यामागं जाऊन सगळे पोहे ओकले. वाटेनं आम्ही बाया पोट धरधरून हसलो.

घरी आल्यावर मात्र मला रडू कोसळलं. कारण तो तरीही आला नाही रे! तिथंच बसून त्यानं तांबड्या शाईनं गोलावर फुली मारली आणि आम्हाला जा म्हणाला. आमच्या दारात पाय ठेवायची त्याला त्या पाण्याहूनही जास्त किळस. थुंकावंसं वाटलं मला. असो, विहिरीची आता आशा आहे.

प्रकृती सांभाळ. दोन ओळींचं का होईना, पत्र टाकून जीव लावत जा.

तुझी बहीण,
इंदू

यवतमाळ
१४ जून १९६०

ती. बाईस,

स. जयभीम वि. वि. नव्या विहिरीला गोड पाणी लागल्याचं तुझं पत्र मिळालं. फार आनंद झाला. तो दोन दिवसही टिकला नाही.

नव्या विहिरीची पेन्सिलनं केलेली खूण शाईनं गिरवायला माझ्याच टेबलावर आली. बाई, ती खूण जुन्या खड्ड्यावर आहे! मोजणीदार पुन्हा ओसरीवरूनच परतला. जिथं विहीर खणली, पाटलाच्या शेताच्या धुऱ्यालगत, तिथं कागद कोरा आहे. उद्या पाटील म्हणेल, ही माझी पडीत जमीन आणि विहीरही माझीच. नकाशा त्याच्याच बाजूनं बोलेल. पुन्हा आपण खाली आणि वरून ओतणारा तो.

नीळकंठराव म्हणाले, या प्रमाणात अर्ध्या बोटाचा तर फरक, त्याचं काय एवढं? प्रमाण म्हणजे जमिनीवरचं अंतर कागदावर किती आखडायचं ते. त्या अर्ध्या बोटात आपली अख्खी वस्ती येते. मी स्वच्छ सांगितलं, मोजणीदार आत जाऊन मोजेपर्यंत मी शाई लावणार नाही. ते भडकले. माझ्याविरुद्ध वर लिहिलं आहे. नोकरी राहील की नाही, सांगता येत नाही. पण अर्धवट नकाशावर कचेरीचे मोठे साहेब सही करीनात, म्हणून मोजणीदाराला सोमवारी परत पाठवताहेत.

या वेळी तो साखळीनं मोजणार आहे. दुसरं टोक धरायला माणूस लागतो. कोतवालाला पुढं होऊ देऊ नकोस, तूच हो. टोक घेऊन थेट विहिरीच्या काठावर उभी राहा आणि ताणून धर. साखळी पाटलाच्या ओसरीपर्यंत पुरत नाही.

लोभ आहेच, पाठीवर हातही असू दे.

तुझा,
भीमराज