सम्यकने निवडलेली थीम

चिंचपोकळी,
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय सरूताई,
सप्रेम जय भीम.

तू आणि भावजी बरे असाल. नाशकात थंडी फार आहे असं आई म्हणत होती. तिचा गुडघा आता ठीक आहे. ऑफिस सुटलं की मी लोअर परळला तिच्याकडे डोकावून येते.

कागदावर लिहितेय म्हणून हसू नकोस. कारण सांगते.

माझ्या ब्लॉगबद्दल बोलले होते ना? त्याच्यासाठी थीम शोधत होते. मला एक साधीच आवडली होती. पांढरी, मोठ्या अक्षरांची, बाजूला काही नसलेली. सम्यक म्हणाला, "हे काय, शाळेची वही? पासवर्ड दे, मी करतो." अख्खा रविवार बसला. गडद निळा रंग, आणि वर आमच्या रिसेप्शनचा फोटो. मी म्हटलं, अरे, मी परळच्या खानावळींवर लिहिते, तिथे हा फोटो कशाला? तर म्हणाला, "वाचणाऱ्याला कळायला नको, तू कुणाची आहेस ते?"

आई तर खूशच. "बायकोच्या लिहिण्यासाठी रविवार घालवतो, नशीब काढलंस." मीही तेच म्हणत राहिले.

मग एका संध्याकाळी जेवताना तो सहज म्हणाला, "तुला एकटीने चहा प्यायला बरं वाटतं, नाही?" ताई, हे वाक्य मी लिहिलं होतं, पण कुठे टाकलं नव्हतं. ड्राफ्टमध्येच होतं. मी विचारलं, वाचलंस का? "मी कशाला वाचू? बायको ओळखतो मी." आणि भात वाढून घेतला.

वाटलं, माझंच मन घाण आहे. पण संशय जाईना. शेवटी एक खोटा ड्राफ्ट लिहिला: मंगळवारी चार वाजता कॉलेजच्या अमितबरोबर शिवडीच्या जेट्टीवर फ्लेमिंगो बघायला जाणार. असा कुणी अमित नाहीच.

मंगळवारी सकाळी सम्यक म्हणाला, कामासाठी ठाण्याला चाललोय. मी हाफ डे टाकून शिवडीला गेले आणि एका उभ्या ट्रकच्या आडोशाला थांबले. देवाशप्पथ नाही म्हणत, पण मनापासून वाटत होतं, तो येऊ नये.

आला. सगळे चिखलातल्या पक्ष्यांकडे बघत होते आणि हा एकेका बाईचं तोंड बघत फिरत होता. घरी आल्यावर बूट काढत म्हणाला, "ठाण्यात काय ट्रॅफिक!"

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून पासवर्ड बदलला, तो फोटो काढला, माझी पांढरी थीम लावली. संध्याकाळी तो दारातच उभा.

"थीम का बदललीस?"

"मला आवडली म्हणून."

"पासवर्ड?"

"माझा आहे."

तेव्हापासून बोलत नाही. मी आंघोळीला गेले की फोन जागचा हललेला असतो.

हात उचलतो का, असं तू विचारशील. नाही. म्हणून तर कुणाला काय सांगावं तेच कळत नव्हतं. आईला सांगितलं तर ती समजावून परत पाठवेल, वर त्यालाच फोन करेल.

शुक्रवारी ऑफिसमधून परस्पर नाशिकची बस धरते. दोन दिवसांची पाहुणी म्हणून नाही. भावजींशी बोल. त्यांना अडचण असेल तर ताई, खरंच सांग, मी दुसरी सोय बघेन. माझ्या फोनवर काही पाठवू नकोस. ऑफिसात शेजारच्या टेबलावर दर्शना असते, तिचा नंबर पाठीमागे लिहिलाय. तिला नुसतं हो किंवा नाही सांग.

घाबरलेली, पण निघालेली,
तुझी प्रिती