कापलेली हिरवी वायर

माय, तुला जाऊन आता अठरा वर्षं होतील. तू असताना मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. अक्षर अक्षर जोडून वाचायला तुला वेळ लागायचा, म्हणून परभणीला डिप्लोमाला असतानाही मी शेजारच्या किराणा दुकानात फोन करून निरोपच ठेवायचे. आता लिहिते आहे, तेही पाठवण्यासाठी नाही. गेल्या आठवड्यात बेस गिटारवाले गुरुजी माझ्या दुकानात येऊन गेले. त्यानंतर हातातल्या कामात लक्ष लागेना, म्हणून आज दुपारी शटर अर्धं ओढून घेतलं आणि बिलबुकाच्या कोऱ्या बाजूवर सुरुवात केली.

सेलूचं आपलं घर मला आठवतं ते मागच्या बाजूनंच. पुढच्या खोलीत बाबांचं मोटार वायंडिंगचं दुकान, तिथे विहिरींवरच्या जळक्या मोटारी पडलेल्या असायच्या, आणि मागे स्वयंपाकघर. ओट्याच्या एका टोकाला शेगडी आणि दुसऱ्या टोकाला, खिडकीच्या उजेडात, तुझं हातानं फिरवायचं वायंडिंगचं मशीन. बाबांची बोटं जाड, त्यांना बारीक तार झेपायची नाही, म्हणून ट्रान्सफॉर्मरचं काम तुझ्याकडे आलं आणि तुझंच झालं. डाळ शिजत घातलेली असायची आणि तू केसासारखी तांब्याची तार बोटांच्या चिमटीतून सोडत वेढे भरायचीस. मध्ये कोणी बोललं तर तू उत्तर द्यायची नाहीस, फक्त ओठ हलायचे. आकडा चुकला तर अख्खा थर उलगडून परत भरायचीस. साऊंड सर्व्हिसवाले त्यांच्या अॅम्प्लिफायरचे ट्रान्सफॉर्मर तुझ्याकडेच भरून न्यायचे. ‘वहिनीच्या हातचा’ म्हणायचे त्याला. तुझं हे नाव मी लहानपणापासून ऐकत आले, त्यामुळे ते किती कष्टानं झालं असेल याचा विचार मी कधी केला नाही.

गुरुजी पहिल्यांदा आले तो दिवस तुला नक्की आठवला असता. पेडगावकडच्या एका शाळेवर ते मास्तर होते आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. त्यांना स्वतःचा अॅम्प्लिफायर हवा होता. बाहेरून आणायचा तर लांबून आणावा लागणार, म्हणून आपणच बांधून द्यावा असं ठरलं. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीवर घरी आले होते, आणि सर्किट मी करते म्हणून मोठ्या ऐटीत सांगितलं. तू गिटारकडे बघून विचारलंस, “गुरुजी, याला चारच तारा कशा काय? दोन तुटल्या का?” ते हसले आणि साऊंडवाल्याच्या जुन्या डब्याला गिटार लावून एक जाड सूर वाजवला. मांडणीवरच्या पितळी ताटल्या थरथरल्या. तू डब्यावर तळहात ठेवलास, बराच वेळ ठेवलास, आणि म्हणालीस, “हे कानाला न्हाई, पोटाला ऐकू यायलंय.” मी आजही नव्या गिऱ्हाइकाला बेस म्हणजे काय ते याच शब्दांत सांगते. तुझे शब्द आहेत हे सांगत नाही.

आठ दिवसांत अॅम्प्लिफायर उभा राहिला. ट्रान्सफॉर्मर तुझा, बाकी सगळी जोडणी माझी. नुसता वाजवला की आवाज स्वच्छ यायचा, पण गुरुजींना तो ऑर्केस्ट्राच्या मिक्सरलाही, म्हणजे सगळ्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या पेटीलाही जोडायचा होता, आणि मिक्सरची वायर लावली की खालून घूं असा आवाज सुरू व्हायचा. हमिंग म्हणतात त्याला. मी दोन दिवस कपॅसिटर बदलले, वायरी हलवल्या. आवाज जाईना. गुरुजींचा कार्यक्रम तोंडावर आला होता. मग कॉलेजात एका मुलानं सांगितलेली युक्ती आठवली. मेनच्या वायरीतली हिरवी वायर, अर्थिंगची, जी अॅम्प्लिफायरच्या लोखंडी पेटीला जोडलेली असते, ती मी कापली. आवाज तिथल्या तिथे थांबला. मी वायरीच्या टोकावर नीट प्लास्टिकची स्लीव्ह चढवली, पेटी बंद केली आणि तुला हाक मारली. तू ऐकलंस आणि म्हणालीस, “निघालं का? काय होतं गं?” मी म्हणाले, “काही नाही, एक कनेक्शन होतं.” तू खूश झालीस. गुरुजींना पेढा दिलास.

देवगाव फाट्याजवळच्या एका मंगल कार्यालयात कार्यक्रम होता. संध्याकाळी लोक येणार म्हणून दुपारी तीनच्या सुमाराला वादक सामान लावत होते. गुरुजींनी गिटार अॅम्प्लिफायरला जोडली, अजून मिक्सरची वायर लावायची होती, आणि एक हात तारांवर ठेवून दुसऱ्या हातानं त्यांनी माईक जवळ ओढला. मी तिथे नव्हते. नंतर ऐकलं की ते ओरडलेसुद्धा नाहीत, नुसते ताठ झाले आणि कोणीतरी प्लग ओढल्यावर स्टेजवरून खाली पडले. डावं मनगट मोडलं. तारांवरची दोन बोटं भाजली.

आपण दोघी सेलूच्या दवाखान्यात गेलो. बाबा कापसाच्या जिनिंगवर मोटार बसवायला गेले होते. गुरुजी गुंगीत होते, त्यांची बायको उशाशी बसून होती, आणि ऑर्केस्ट्राला साऊंड देणारे दोघे भिंतीला टेकून उभे होते. तू कोणी काही विचारायच्या आत बोललीस. “ट्रान्सफॉर्मर माझ्या हातचा हाय. त्यातूनच करंट सुटला असंल. चूक माझी हाय, दुसऱ्या कुणाची न्हाई.” त्या दोघांतला उंच होता तो दुसऱ्याकडे बघून म्हणाला, “स्वैपाकघरात केलेलं वायंडिंग. आनखी काय व्हनार.” तू ऐकलंस. मान खाली घातली नाहीस, पण पदर उगाच पुन्हा नीट केलास. मी तुझ्या शेजारी जेवणाचा डबा धरून उभी होते. डब्याची कडी घट्ट लागत नव्हती, तिच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी अॅम्प्लिफायर घरी आला. तू तो ओट्यावर घेतलास, ट्रान्सफॉर्मर सुटा केलास आणि बाबांचं मेगर लावलंस. वायंडिंगमधून पेटीकडे करंट गळत असेल तर त्याचा काटा पडतो. काटा पडला नाही. तू पुन्हा लावलंस. तिसऱ्यांदा लावलंस. मग चष्मा वर सारून पेटीच्या आत बघायला लागलीस. मेनची वायर पेटीच्या भोकातून आत येते तिथे रबर बसवायचं मी विसरले होते. बेसच्या थरथरीनं आणि टेम्पोतल्या हादऱ्यांनी पत्र्याच्या धारेवर घासून तिचं आवरण फाटलं होतं, आणि करंट पेटीत, पेटीतून गिटारीच्या तारांत उतरला होता; अर्थिंगला जोडलेला माईक धरताच तो गुरुजींच्या अंगातून गेला. एवढं होऊनही काही झालं नसतं. हिरवी वायर जागेवर असती तर फ्यूज उडाला असता आणि गुरुजींनी तो बदलला असता. तुझं बोट त्या हिरव्या वायरीच्या टोकावर येऊन थांबलं. स्लीव्ह इतकी नीट बसवलेली होती की वायर आपोआप तुटली असं कोणी म्हणू शकलं नसतं.

“हे कुनी कापलं?”

“मी.”

“कामून?”

“हमिंग जात नव्हतं.”

तू माझ्याकडे बघितलंस. “व्हतं तर व्हऊ द्यायचं. त्यो आवाज सांगायलता की काहीतरी चुकलंय. तू त्याचं तोंड दाबलंस.” मला आयुष्यात तुझं हे एवढंच बोलणं बसलं. मारलं कधीच नाहीस. मी विचारलं, “मी जाऊन सांगू का त्यांना?” तू म्हणालीस, “तुला काय वाटतंय?” मी ओट्यावरचे स्क्रू गोळा करायला लागले. तू थांबलीस, खरंच थांबलीस, हे मला आता कळतं. मग उठून तांदूळ धुतलेस आणि कुकर लावलास.

त्यानंतरचे तीन दिवस मला फार स्पष्ट आठवतात. तू म्हणालीस, आता मला समजावून सांग आवाज कशानं येतो. मी पुस्तकातलं सांगितलं, की अॅम्प्लिफायर आणि मिक्सर दोघांनाही अर्थिंग असतं, मधली वायर जोडली की एक गोल तयार होतो आणि त्यात घरच्या लाइटीचा करंट फिरत राहतो. तू ऐकत ऐकत पोळ्या लाटत होतीस. म्हणालीस, “मंग मधली वायर तोड की. अर्थिंग कशाला?” मी म्हणाले, मधली तोडली तर आवाज कसा जाणार? तू पोळपाट बाजूला केलास, हात पुसलेस आणि अंगठ्याएवढा एक ट्रान्सफॉर्मर भरायला बसलीस. दोन्हीकडे सारखेच वेढे, एकास एक. “इकडची तार तिकडच्या तारंला शिवत न्हाई, तरी आवाज पोचतो,” म्हणालीस. मी तो मिक्सरच्या वाटेवर बसवला, हिरवी वायर पेटीला पक्की जोडली, भोकात रबर घातलं. सूर स्वच्छ निघाला. ज्या गोष्टीला मोठ्या कंपन्या वेगळी डबी करून विकतात ती तू पुस्तक न वाचता ओट्यावर केलीस. मी त्या दिवशी तुला तसं म्हणायला हवं होतं.

पण साऊंडवाले परत आले नाहीत. आधी एक थांबला, मग दुसरा, मग गावात ‘वहिनीच्या हातचा’ म्हणणं बंद झालं. तू बाबांच्या मोटारीच्या कामाला हात लावायला लागलीस आणि बारीक तारेचं मशीन फडक्यात बांधून माळ्यावर गेलं. तुझ्याकडे एक वाक्य होतं, वायर पोरीनं कापली एवढंच; ते तू कुठेही वापरलं नाहीस. माझ्याकडेही तेच होतं. मी परीक्षा देऊन परभणीला राहिले, दुकान टाकलं. पाच वर्षांनी तुझ्या किडन्या गेल्या. दवाखान्याच्या खाटेवर तू मला विचारलंस ते, दुकानात अर्थिंग नीट करून घेतलंस का.

आता माझ्याकडे बेसवालेच जास्त येतात. कॉलेजातली मुलं मोबाइलवर बघून गिटारीच्या आत बसवायचा प्रीअॅम्प स्वतः जोडतात आणि वाजेना झाला की पिशवीत घालून आणतात. मी त्यांना दोष हुडकायला शिकवते, आधी बॅटरी, मग जॅक, मग सोल्डरिंग. गेल्या आठवड्यात गुरुजी आले तेही असंच, खरखर येते म्हणून. केस पूर्ण पांढरे, डाव्या हाताची शेवटची दोन बोटं अजून आखडलेली. उरलेल्या दोनांवर ते इतकी वर्षं वाजवत आले आहेत. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणाले, “गुरुजी, ते देवगाव फाट्याचं. हिरवी वायर मी कापली होती. आईची चूक नव्हती.” ते जरा वेळ आठवत राहिले. “ते व्हय? मी तर समजायलतो की त्या कार्यालयाची लाइटच बेकार व्हती. बायकू सांगायलती, तुझी माय दवाखान्यात उगंच सोताला दोष द्यायलती. पुढं एकदा बाजारात भेटली तवा मी म्हनलं बी, वहिनी, तुमचं काय न्हाई त्यात. तर म्हनली, असू द्या.” मग त्यांनी आपल्या बोटांकडे बघितलं, मूठ उघडझाप केली, आणि विचारलं, “आता या गिटारीचं काय करायलीस?” जॅक सैल झाला होता. मी नवा बसवला. त्यांनी दोन सूर वाजवून बघितले आणि गेले.

मला वाटलं, झालं. इतक्या वर्षांचं एकदा बोलून टाकलं. पण परवा दवाखान्यातला तो उंच साऊंडवाला आला होता. त्याचा धंदा आता मोठा आहे, अॅम्प्लिफायर तो माझ्याकडेच पाठवतो. दोन पोरं दुकानात बसलेली होती. त्यांच्यासमोर तो म्हणाला, “हिचं काम लय पक्कं. मायवर न्हाई गेली, बरं झालं.” मी सोल्डरिंग गन खाली ठेवली, त्याला बसायला खुर्ची दिली आणि चहा सांगितला. म्हणाले, “बसा. मायचं एक सांगायचं राहिलंय.”