खोटं ‘कळलं’

भाऊजी,

शुगरच्या शिबिरात तुम्हाले डोळे मिटायले लावून मी तळपायाले नायलॉनचा बारीक धागा टेकवत होती. साळीचं मन राखायले तुम्ही दर वेळी “कळलं” म्हनत होते. मंग मी धागा टेकवलाच नाई, नुसतं विचारलं. तरी “कळलं”! तिथंच सापडले. शुगरनं पाय बधिर झालते. टाचेत कापसाच्या पऱ्हाटीचं धसकट रुतलं होतं अन् तुम्हाले पत्ता नाई.

आता जखम भरली, पाय वाचला. ताई फोनवर सांगून राह्यली, आष्टीच्या बाजारात तुम्ही शुगरवाल्यायले दटावता, “डोळे मीट, खोटं कळलं म्हनू नको!” ही युक्ती म्हने तुमचीच.

म्हनून हे पत्र धाडत नाई. मिरवा खुशाल, त्याच पायानं.

तुमची जिंकलेली साळी,
बायजा
आशाताई, पवनार