एक पैसा नाई पायजे

बाबा, काल मी तुमच्याविरुद्ध सही केली. तुम्ही असता तर वकील मॅडमशी भांडला असता, पण तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. घटस्फोटात कोर्टाने पोरगी माझ्याकडे दिली तो दिवस मला अजून दिसतो. एसटीच्या आर्वी डेपोतून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून तुम्ही आला होतात, बाहीवर ग्रीसचा डाग तसाच. जज्जसाहेबांनी पोटगीचं विचारलं आणि माझ्याआधी तुम्हीच उठलात. "साहेब, आमाले एक पैसा नाई पायजे. नात तेवढी आमाले द्या." मी तुमच्या मागे उभी. सासरच्या लोकांचे चेहरे लग्नघरासारखे खुलले. त्या आनंदात तुम्ही साऱ्या वर्कशॉपला तर्री-पोहे खाऊ घातले, आणि पुढच्या आठवड्यात एसटीच्या टपावर घालून माझ्यासाठी शिवणयंत्र आणलंत. "मी आहो ना, काऊन भेतं?" म्हणालात.

त्या यंत्रावर मी आजही ब्लाउज शिवते. पण तुमच्यामागे पोरीला साखरेचा आजार निघाला, लहान वयात होतो तो, जन्मभर सुईचा. मे महिन्यात लाईट गेली की इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवते आणि पुन्हापुन्हा हात लावून बघत बसते. दुसरं काय करणार? महिना सरायच्या आत बाटली सरते, आणि ब्लाउज काही रोज येत नाहीत. शेवटी पोटगी मागायला गेले. तारखांवर तारखा पडल्या. एकदाचा पोरीचा बाप आला, तेव्हा कारंज्याच्या हायवेवर स्वतःचा ढाबा चालवणारा माणूस कागदावर भावाच्या ढाब्यावरचा मजूर झाला होता. व्हरांड्यात मला म्हणतो, "तुह्या बापानंच म्हटलं होतं ना, एक पैसा नाई पायजे म्हून? आता काऊन आली?" तुमचा असा राग आला की त्या दिवशी तुमच्या फोटोकडे पाठ करून जेवले.

मॅडम म्हणाल्या, "ताई, बाबांनी सोडला तो तुमचा हक्क. पोरीचा हक्क सोडाचा अधिकार कोणालेच नाई." ऐकून जीव भांड्यात पडला. पण त्यासाठी केलेल्या नव्या अर्जात त्यांनी एक वाक्य घातलं: वडिलांच्या दबावामुळे अर्जदाराने तेव्हा पोटगी मागितली नाही. मी म्हटलं, कसला दबाव? माझ्या बाबांनी कधी आवाजसुद्धा चढवला नाही. हे काढा. "काढते," त्या म्हणाल्या. "पण साहेबानं विचारलं, तेव्हा काऊन गप्प होत्या, तर काय सांगसान?" पोरगी शेजारच्या बाकावर बसून पोटात सुई टोचून घेत होती. मी सही केली. निकाल काय लागेल, कोणाला ठाऊक. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.

मॅडमना वाटतं, पोरीसाठी मी खोट्यावर सही केली. पोरीलाही मी तसंच सांगितलंय. हा कागद तुमच्यापर्यंत यायचा नाही, म्हणून खरं लिहिते. त्या दिवशी तुमच्या मागे उभी असताना तुमचा सदरा ओढून सांगावंसं वाटत होतं, बाबा, देतात ते घेऊन घ्या. सदरा धरलाही होता. तुम्हाला वाटलं, मी आधारासाठी धरला. मागे न बघताच तुम्ही माझा हात थोपटलात.